भरतीचं वय

आमच्या गावात माणसाला दोन वयं असत. एक खरं आणि एक भरतीचं. खरं वय सुईणीला ठाऊक असायचं आणि भरतीचं वय साहेबाला. पलटणीत घ्यायला माणसं यायची तेव्हा पंधरा-पंधरा वर्षांची पोरं बेधडक अठरा सांगून रांगेत उभी राहत, कारण तिकडे दोन्ही वेळा पोटभर मिळतं असं त्यांनी ऐकलेलं असायचं. पुढे ही गावातली थट्टाच होऊन बसली. कोणी वय विचारलं की समोरचा डोळा मिचकावून म्हणायचा, "खरं सांगू का भरतीचं?" आणि पारावरची मंडळी खो-खो हसायची. आमच्या घरात मात्र ही थट्टा चालत नसे. एकदा माझ्या मामाने जेवताना ती केली, तर बाबा भरल्या ताटावरून उठले. मामा पुढची दोन वर्षं आमच्याकडे फिरकला नाही. बाबा का उठले ते तेव्हा मला कळलं नव्हतं. खाई त्याला खवखवे, एवढंच आता म्हणते.

बाबा पलटणीतले बॉक्सर. पेन्शन घेऊन घरी आले तेव्हा मी चार-पाच वर्षांची असेन. त्यांच्याबरोबर एक हिरवी लोखंडी पेटी, पितळेचा एक कप आणि चामड्याच्या ग्लोव्ह्जची एक जोडी आली. पेटी माळ्यावर गेली, कप फळीवर बसला आणि ग्लोव्ह्ज बुद्धाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला लटकले. रोज संध्याकाळी आम्ही तिघी बहिणी तसबिरीपुढे हात जोडून कुणालाही दुखावणार नाही असं म्हणायचो आणि डोळे उघडले की समोर ते ग्लोव्ह्ज दिसायचे. माझ्या आईला, म्हणजे मायला, ते तिथे नको होते. तिने एकदा काढून पेटीत ठेवले, तर बाबांनी पेटी उतरवली, ते परत लटकवले आणि दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. घरात हात उचलायचा नाही हा त्यांचा नियम होता आणि तो ते चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचे. अबोल्याला आणि जिभेला मात्र कसलाच नियम नव्हता.

सकाळी आम्ही कोंबड्याच्या आरवण्याने उठत नव्हतो, बोरीच्या आवाजाने उठायचो. अंगणातल्या कडुलिंबाला बाबांनी धानाच्या कोंड्याने गच्च भरलेली एक तागाची बोरी टांगली होती. हाताला जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळून ते तिला ठोसे मारायचे. धप्. धप्-धप्. मध्येच नाकातून जोराचा श्वास. शिवणीतून कोंडा गळायचा आणि गावभरच्या कोंबड्या खाली जमायच्या. माय चुलीवर पेज ढवळता ढवळता म्हणायची, "आदमी वाळून राहिला न कोंबड्या फुगून राहिल्या." आमच्या कोंबड्यांची अंडी बाबांची. रोज दोन, उकडलेली, वर मीठ. आम्हाला पेज आणि रात्रीचं उरलेलं लाखोरीचं वरण. धाकटी अंड्याच्या टरफलाला चिकटलेला पांढरा पापुद्रा नखाने काढून खायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आज मी एकटी राहते. सकाळी दोन अंडी उकडते आणि दोन्ही स्वतः खाते, आणि खाताना मला अजून राग येतो.

दिवेलागणीला गणपतकाका यायचे. काका नात्यातले नव्हते. पलीकडच्या आळीतले, बाबांबरोबर एकाच दिवशी भरती झालेले आणि एकाच वर्षी परत आलेले. तेही बॉक्सर. बाबा हलक्या वजनाचे, काका जड वजनाचे, म्हणून रिंगणात दोघांची गाठ कधी पडलीच नाही. पडली असती तर एकाचं नाक फुटून प्रश्न कायमचा मिटला असता आणि आमच्या दहा वर्षांच्या संध्याकाळी वाचल्या असत्या. गाठ पडली नाही म्हणूनच तर तुलना उरली. तीही ऐन तारुण्यातल्या लढतींची नव्हे. त्या दोघांनीही भरपूर जिंकल्या होत्या, त्यांच्याविषयी वाद नव्हता. वाद होता तो वय उतरल्यावर कोणी काय केलं याचा. दोघांची शेवटची मोठी लढत एकाच स्पर्धेत, एकाच दिवशी झाली होती. बाबा अडतिसाव्या वर्षी अंतिम सामना जिंकले. काका चाळिसाव्या वर्षी अंतिम सामन्यात तिन्ही फेऱ्या उभे राहिले आणि गुणांवर हरले. आता मोठं कोणतं? अडतिसाव्या वर्षी जिंकणं, की चाळिसाव्या वर्षी न पडणं? एवढ्या एका प्रश्नावर त्या दोन माणसांनी किती कप चहा प्यायला, ते मीच सांगू शकते, कारण तो मीच करायची.

"कप कोणाच्या घरी आहे? माह्या घरी," बाबा फळीकडे बोट दाखवायचे. "मंग खतम."

"तुह्या समोर कोण होता रे? पस्तिशीतला थकेल हवालदार. माह्या समोर बावीस वर्साचा साप होता, साप! चाळीस वर्साचा मी, पण एक डाव गुडघा टेकला नाही."

"म्हणजे पडलो तरी नाक वर."

"नाक कुठं वर आहे, बावा? चपटंच करून टाकलं त्यानं," असं म्हणून काका स्वतःच्या बसक्या नाकावर बोट ठेवायचे आणि गडगडून हसायचे. बाबा हसत नसत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "चढावावर गाडी तं कोणताही बैल ओढते. उतारावर जो सांभाळते, तोच खरा." हे वाक्य ते काकांना ऐकवायचे, मायला ऐकवायचे, बांधीत धान रोवायला आलेल्या बायांनाही ऐकवायचे. एकदा चहाच्या टपरीवरच्या वर्तमानपत्रात परदेशातल्या कुठल्याशा म्हाताऱ्या जगज्जेत्याने आपला किताब परत मिळवल्याची बातमी आली. सगळं जग त्याचं कौतुक करत होतं. बाबांनी तो कागद घरी आणला, त्यात छापलेलं वय दोनदा वाचलं, ते आपल्या अडतिसापेक्षा कमी निघालं म्हणून मान हलवली आणि कागद मायकडे चुलीत घालायला दिला. जगज्जेत्यालाही आमच्या ओट्यावर पास होता आलं नाही.

सुईण चिंधाआजी आमच्या अर्ध्या गावाची नाळ कापलेली बाई. डोळ्यांनी अधू झाली होती, पण कोण कोणाच्या आधी, किती आधी, हे तिला तोंडपाठ. मी नववीत असताना ती आमच्या बांधीवर पाखरं हाकायला बसायची आणि मी तिची शिदोरी पोचवायला जायची. एकदा ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाय पसरून जेवत बसली होती, मी सहज बाबांची आणि काकांची ती कटकट तिला सांगत होते. दोन वर्षांचं अंतर आहे त्यांच्यात, मी म्हणाले, तरी केवढं भांडतात. आजीने हातातला घास खाली ठेवला. "कोणं सांगतलं तुले दोन? तुहा बाप जलमला तवा गणप्या पाच वर्साचा होता. मी शेक द्याले बसली होती न ते पोट्टं मले लाकडं आणून देत होतं. दोन म्हणते! तुह्या बापाचं ते भरतीचं वय आहे, बाई. भरतीचं." आणि ती पुढचा घास घेऊ लागली. मी बोटांवर हिशेब केला. काका चाळीस, तर बाबा पस्तीस. अडतीस नव्हेच. फळीवरचा कप तोच होता, पण त्यातली तीन वर्षं पोकळ होती. हे मी कोणाला सांगितलं नाही. मनात गाठ मारून ठेवलं, कधी सोडायची ते मात्र माहीत नव्हतं.

दहावीच्या वर्षी ती वेळ आली. मुलीचं लग्न अठराच्या आत करायचं नाही असा कायदा त्या सुमारास नवा झाला होता आणि बाबा कायद्याला फार मानायचे, पलटणीतले ना! मी सोळाची होते. शिक्षिका व्हायचं मी ठरवून टाकलं होतं. त्यासाठी आधी मॅट्रिक हवं आणि मॅट्रिक मार्चमध्ये होतं. तेवढ्यात दिवाळीनंतर नाकाडोंगरीकडचं एक स्थळ आलं, मुलगा खाणीच्या कचेरीत. माझ्या पाठीवर दोन बहिणी. बाबांना घाई झाली. दुसऱ्या कोणी दोन वर्षं थांबायचं ठरवलं असतं किंवा कायदा गुंडाळून ठेवला असता. बाबांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी माझं वय बदललं. प्राथमिक शाळेच्या मास्तरकडून जन्मतारीख चुकल्याचा दाखला आणला आणि तो हायस्कुलात देऊन नोंद दुरुस्त करून घेतली. मला हे कळलं ते कारकुनाकडून. फी भरायला गेले तर तो रजिस्टर उघडून म्हणाला, "सुमन, अभिनंदन, एका आठवड्यात दोन वर्षांनी मोठी झालीस." माझ्या नावापुढे जुनी तारीख खोडून लाल शाईने नवी लिहिली होती. 

घरी येऊन मायला विचारलं. ती सुपात तांदूळ घोळवत होती, वर पाहिलं नाही. "तुले माहीत होतं?" मी म्हणाले.

"होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"मी बोलून कोणती तारीख बदलली आजवर?" ती म्हणाली. "माही तं कोणी लिहिलीच नाही. तुही निदान लिहून तं आहे."

मायचा मला तेव्हा राग आला होता. आज येत नाही. बाबांचा तेव्हा आला होता तो अजून आहे, आणि वय झालं की राग निवतो म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे येऊन पाहावं.

पाहुणे रविवारी सकाळी आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याचा एक बोलका मामा. आमच्याकडून वडीलधारा माणूस म्हणून गणपतकाका बसले होते, धुतलेलं धोतर आणि पलटणीतला कोट घालून. मायने पोहे केले होते, त्यात शेंगदाणे मोजून नाही, मूठ भरून घातले होते. मुलगा बिचारा खाली मान घालून बसला होता, त्याच्याविषयी माझं काही म्हणणं नव्हतं आणि नाही. बाबा मामाला कप दाखवत होते. "अडतिसाव्या वर्सी आणला हा. चढावावर तं कोणीही..." ते वाक्य पूर्ण झालं, काकांनी नेहमीसारखी मान फिरवली, आणि मग मला बोलावलं गेलं. मी पाटावर बसले. डोक्यावरचा पदर मायचा होता, त्याला चुलीचा वास येत होता.

"नाव काय, बाई?" मामाने विचारलं.

"सुमन."

"शिकून राहिली ना? किती वय तुहं?"

"अठरा पूर्ण," बाबा मधेच म्हणाले. "शाळेचा कागद आहे माह्याजवळ."

"तिले सांगू द्या ना, हवालदार साहेब. तोंड आहे तिले," मामा हसत म्हणाला.

मला तोंड आहे हे त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी बोललं होतं. मी मान वर केली आणि म्हणाले, "खरं सांगू का भरतीचं?"

मामा मांडीवर थाप मारून हसला. मुलाची आईही हसली. बाबांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. मामा म्हणाला, "दोन्ही सांग."

"भरतीचं अठरा. खरं सोळा. आमच्या घरी असंच चालते. बाबा तो कप जिंकले तवा पस्तीसचे होते, अडतीसचे नाही. चिंधाआजीले विचारा."

पोह्यांची ताटली मुलाच्या बापाने हळूच खाली ठेवली. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, त्यांनी गणपतकाकांकडे पाहिलं. आता काका उठतील, कपाकडे बोट दाखवतील, दहा वर्षांचा न्याय एका वाक्यात मिळवतील असं मला वाटलं होतं. खरं सांगते, तसंच व्हावं असं मला हवंही होतं. काका कोटाच्या गुंडीशी चाळा करत राहिले. शेवटी मामाच उठला. "कायद्याचं काम आहे, बाप्पा. आमचा पोरगा नोकरीचा आहे. पाहू पुढं." चहा न घेता ते गेले. माय ओट्यापर्यंत गेली, आत आली आणि उरलेले पोहे तिने बहिणींना वाढले.

बाबांनी मला मारलं नाही. ते उठले, पटका बांधला आणि नदीकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण शांत होतं. कोंबड्या नेहमीप्रमाणे बोरीखाली जमल्या, थोडा वेळ माना वाकड्या करून उभ्या राहिल्या आणि पांगल्या. नंतर ती बोरी कधीच धपधपली नाही. पावसाळ्यात कुजून खाली आली तेव्हा मायने तिच्यातला कोंडा जळणाला वापरला.

गणपतकाका त्या आठवड्यात मला शाळेच्या वाटेवर भेटले. मी म्हणाले, "काका, तुम्ही जिंकले ना आता? काहून बोलले नाही?"

"मले का माहीत नव्हतं, पोरी?" काका म्हणाले. "भरतीच्या रांगेत तुह्या बापाच्या मागं मीच उभा होतो. उपाशी होतं पोट्टं, रडून राहिलं होतं. मीच कानात सांगतलं, अठरा सांग बे. इतके वर्सं भांडलो, घसा बसेपर्यंत भांडलो, पण ते कधी काहाडलं नाही. ते कमरेखाली होतं, अन् रिंगणात कमरेखाली मारणं चालत नाही. तू कमरेखाली मारलं, सुमन."

"अन् बाबांनी माह्या वयाले हात लावला, तो कमरेच्या वर होता का?"

"आता कोणासंगं भांडू मी?" एवढं म्हणून काका निघून गेले, आणि आमच्या ओट्यावर पुन्हा कधी आले नाहीत. त्यांचं वाईट वाटतं मला. पण माझा प्रश्न बरोबर होता.

मग परीक्षेचा फॉर्म आला. त्यावर जन्मतारीख लिहायची होती, आणि कारकून म्हणाला की लाल शाईची तारीख पुन्हा बदलायची तर वडिलांनी स्वतः येऊन लिहून द्यावं लागेल. मी फॉर्म घेऊन बाबांसमोर उभी राहिले. त्या दिवसानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"बाबा, तारीख खरी करून द्या."

ते खाटेवर बसून सुपारी कातरत होते. "कोणती खरी?"

"तुम्हाले माहीत आहे."

"चार लोकांत तू माहे तीन वर्सं काहाडून घेतले," ते शांतपणे म्हणाले. "आता तुह्या कागदावर माहे दोन वर्सं राहतीन. देयाची असन तं दे परीक्षा, नाही तं नको देऊ." आणि त्यांनी फॉर्मच्या खालच्या जागेत सही केली. सही सुरेख होती, पलटणीत शिकलेली. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि रडले नाही. लाल शाईतली तारीख मी स्वतःच्या हाताने निळ्या शाईत उतरवली. परीक्षा दिली, पास झाले, शिक्षिका झाले. तेव्हा मला वाटलं, जिंकले. दोन वर्षांनी वय जास्त लिहिल्याने कोणाचं काय बिघडतं? सोळाव्या वर्षी माणूस उतार कुठे पाहतो?

उतार काही वर्षांपूर्वी आला. अठ्ठावन्न झाले म्हणून शाळेने मला निरोप दिला. शाल, नारळ, चौथीच्या मुलांनी कागदाची फुलं लावलेली खुर्ची. त्या वर्षी माझ्या हातात फार गुणी वर्ग आला होता, त्यांच्यातल्या तिघांना मी नुकतंच जोडाक्षरांपर्यंत आणलं होतं. आणखी दोन वर्षं मिळती तर, असं प्रत्येक मास्तरीण म्हणते. माझी मात्र खरोखरच दोन वर्षं बाकी होती. कागद मात्र दुसरंच सांगत होता, आणि त्याच्या मुळाशी माझ्या बापाची सुरेख सही होती. कार्यक्रमानंतर एक नवी शिक्षिका माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, तुम्ही अठ्ठावन्नच्या वाटत नाही हो. खरं वय काय तुमचं?"

"खरं सांगू का भरतीचं?" मी म्हणाले.

सगळी नव्या पिढीची माणसं, कोणालाच काही कळलं नाही. मी नारळ पिशवीत टाकला आणि बस धरली. वाटेत एकच विचार डोक्यात होता. अडतीस की पस्तीस, कप की तीन फेऱ्या, हे सगळं भांडण उगाचच होतं. बाबांची उतारवयातली सगळ्यात मोठी लढत गणपतकाकांनी पाहिलीच नाही. ती माझ्याशी झाली होती, आणि स्वतः जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर त्यांनी ती गुणांवर जिंकली.